एकतीस मीटरखालचे थर

१

दगडांची वयं लावणं हे ताईचं काम. वय म्हणजे किती वर्षं, ते नव्हे. ते सांगायला वेगळी प्रयोगशाळा, वेगळी माणसं आणि वेगळा पगार असतो. ताईनं फक्त एवढंच सांगायचं की या दोन थरांत थोरला कोण आणि धाकटा कोण. खालचा थर थोरला, वरचा धाकटा. थराला कापून जाणारी भेग त्या थरापेक्षा धाकटी. एखाद्या खुणेवर थर पसरला असेल, तर खूण आधीची आणि थर नंतरचा. या दोन-तीन नियमांवर तिनं बावीस वर्षं काढली होती, आणि या बावीस वर्षांत दिलेला शब्द मागे घ्यायची वेळ तिच्यावर एकदाही आली नव्हती. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

धरणाची भिंत जिथे उभी राहायची होती, तिथे जमिनीत मनगटाएवढी भोकं पाडली जात होती. मशीन आतून दगडाच्या लांब कांड्या काढी. कामगार त्या ओळीनं लाकडी पेट्यांत मांडत आणि जीप त्या पेट्या दोन किलोमीटरवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकी. शेडमध्ये भिंतभर फळ्या, मधोमध एक लांब टेबल, कोपऱ्यात नळ, आणि ताई. दुपारी पत्रा तापला की तडतडायचा. पेट्यांतला ओला दगड वाळतानाही बारीक टकटक करायचा. नवख्या माणसाला ते भुताटकीचं वाटे. ताईला त्या आवाजाशिवाय चैन पडत नसे.

कांडी नळीतून बाहेर आली की तिच्यावर उभ्या दोन रेघा मारायच्या, असा दंडक होता. वरचं टोक वर धरलं की उजवीकडे लाल रेघ आणि डावीकडे काळी. मग ती कांडी पडली, फुटली, मिसळली, तरी वर कुठलं आणि खाली कुठलं, हे कधी चुकायचं नाही. या रेघा मारायचं काम मशीनवाल्याचं, आणि मशीनवाला म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ. मशीनच्या घरघरीवर ओरडून ओरडून त्याला घरीदारी ओरडूनच बोलायची सवय लागली होती, म्हणून ताई त्याला भोंग्या म्हणे. मग सगळेच म्हणू लागले. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई तेवीस. त्याला वाढवला तिनं, शिकवला तिनं, मशीनवर चिकटवला तोही तिनंच. त्यामुळे त्याला बोलायचा हक्कही आपलाच, असं ती धरून चालली होती.

२

चौथ्या भोकाच्या अकराव्या पेटीशी ताई अडखळली.

ग्लासात माती ढवळून ठेवली, तर जाड वाळू आधी तळाशी बसते आणि बारीक गाळ वर राहतो. नदीच्या गाळाचंही तसंच असतं. म्हणून दगड झालेल्या थरातसुद्धा जाडं खाली आणि बारीक वर दिसायला हवं. भोंग्या दहा वर्षांचा असताना ताईनं त्याला हा प्रयोग बरणीत करून दाखवला होता, आणि त्यानं ती बरणी महिनाभर खिडकीत ठेवली होती. आता टेबलावरच्या कांडीत मात्र जाडं वर होतं आणि बारीक खाली.

तिनं रेघा पाहिल्या. लाल उजवीकडे, काळी डावीकडे. रेघांचं म्हणणं होतं, कांडी सुलट आहे. दगडाचं म्हणणं होतं, उलटी आहे. ताईनं भिंग घेतलं. एका थराच्या पृष्ठावर पावसाच्या थेंबांचे खळगे होते, कुठल्या तरी जुन्या पावसाचे, चिखलात पडून वाळलेले. खळग्यांची तोंडं आभाळाकडे असायला हवीत. ती जमिनीकडे होती.

पुढची कांडी तशीच होती, तिच्या पुढचीही तशीच. बरोबर एकतीस मीटरपर्यंत सगळं यथास्थित होतं, आणि त्याखाली पेटीच्या तळापर्यंत प्रत्येक थर डोक्यावर उभा होता. ताईला एकाच कारणाची शक्यता दिसली आणि तिचा पारा चढला.

तिनं वॉकीटॉकी उचलला. पलीकडे पाळीवरची सगळी माणसं ऐकत असतात, हे तिला माहीत होतं, तरी तिनं उचललाच.

"भोंग्या, कांड्या झोपेत भरता का रे तुम्ही?"

"काय झालं, ताई?"

"एकतीसच्या खालचं सगळं उलटं भरलंय. रेघा मारायला मी येऊ का रोज?"

"नळीतून जशा निघाल्या तशाच ठेवल्यात, ताई. मी स्वतः ठेवल्यात."

"मग तू स्वतः चुकलास. दहा वर्षांच्या पोराला कळतं ते तुला या वयात कळेना. लाज आणलीस."

पलीकडे दोघंतिघं हसले. त्या हसण्यात भोंग्याचा आवाज नव्हता. "बरं, ताई," एवढंच तो म्हणाला, आणि तेही हळू.

मग ताईनं जे केलं, ते बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं. मशीनवरून माणूस बोलवायचा, चूक लिहून घ्यायची, सह्या घ्यायच्या, तर भावाचं नाव कागदावर गेलं असतं. तिनं एकेक कांडी उचलून फिरवली. जुन्या रेघा थिनरनं पुसल्या आणि नव्या मारल्या. नोंदवहीत सगळे थर शहाण्यासारखे सरळ लिहिले. संध्याकाळपर्यंत अकरावी पेटी बाकीच्या पेट्यांसारखी दिसू लागली आणि तिला बरं वाटलं.

३

त्यानंतर भोंग्याच्या पेट्या अगदी नीट येऊ लागल्या. पाचवं भोक, सहावं भोक, सातव्याचा वरचा अर्धा भाग, सगळं ठाकठीक. जाडं खाली, बारीक वर, खळग्यांची तोंडं आभाळाकडे. खडसावल्याशिवाय माणूस सुधारत नाही, असं ताई मनाशी म्हणाली. तरी तिला आतून थोडं टोचत होतं, कारण तेव्हापासून तो घरी हळू बोलू लागला होता.

एका संध्याकाळी जेवताना त्यानं ताटाकडे बघत विचारलं, "ताई, थर खरंच उलटे असू शकतात का गं?"

"असतात की. गोधडीची घडी घातली की खालचा अर्धा उलटाच होतो ना, तसे डोंगरातही होतात. पण मग वरचेच थर खाली पुन्हा भेटायला हवेत, उलट्या क्रमानं. आपल्याकडे तसं काही नाही. का रे?"

"सहज विचारलं."

"सहज कुणी थर विचारतं का? काही असलं तर सांग."

"नाही गं. तू लिहिलंस ना, ते बरोबरच असणार."

त्याचं हे बोलणं ताईला नको तेवढं आवडलं. तिनं त्याच्या ताटात आणखी वाढलं आणि विषय तिथेच सोडला. तो बराच वेळ नुसता घास फिरवत बसला होता.

ताईच्या नोंदी मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी त्या वाचून पुढचा हुकूम दिला. पाया चांगला दिसतो, आता माणूस उतरू शकेल एवढं मीटरभर रुंदीचं मोठं भोक साठ मीटरपर्यंत पाडा, म्हणजे आत जाऊन भिंती डोळ्यांनी बघता येतील. पाडणार अर्थातच भोंग्या. आणि या धंद्यात एक रीत होती. ज्यानं भोक पाडलं त्यानंच त्यात आधी उतरायचं, मग बाकीच्यांनी. आपल्या कामाची हमी अशी आपल्या अंगानं द्यायची. भोंग्या या आधी दुसऱ्या कामांवर सहा वेळा उतरला होता आणि सहाही वेळा वर येऊन त्यानं ताईला आरोळी ठोकली होती.

४

मोठं भोक पुरं झालं त्याच सकाळी सातव्या भोकाची शेवटची पेटी शेडमध्ये आली. जीपवाला ती टेबलावर ठेवून गेला. ताईनं झाकण काढलं आणि तिला आधी वास आला. नुकत्याच उपसलेल्या गाळाचा ओला वास.

साठ मीटर खालचा दगड म्हणजे हातोडीला दाद न देणारा असायला हवा. जितकं खोल तितकं जुनं, जितकं जुनं तितकं घट्ट. पेटीत मात्र चिखल होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या, बोटानं दाबल्या जाणाऱ्या मऊ कांड्या. तिनं आधीच्या पेट्या खाली उतरवल्या. चाळीस मीटरवर पक्का दगड होता. पन्नासवर नखानं ओरखडा उठत होता. पंचावन्नवर तुकडा हातात कुस्करला जात होता. खाली जावं तसं सगळं ताजं होत चाललं होतं. रोज एकेक पेटी बघताना तिच्या हे ध्यानात आलं नव्हतं. किंवा आलं होतं आणि तिनं त्याकडे बघितलं नव्हतं.

पाणी मुरलं असेल, तिनं स्वतःला समजावलं. दगड कुजतो, मऊ पडतो, नवल काही नाही. तिनं चिखलाची एक वीतभर कांडी टेबलावर उभी केली आणि नोंदवही आणायला वळली. परत आली तेव्हा कांडीचा बुडखा कोरडा पडला होता आणि सगळं पाणी वरच्या टोकाशी जमलं होतं. तिनं कांडी पालथी करून ठेवली आणि नजर न हलवता बघत बसली. ओल हळूहळू सरकत खाली आली. टेबलावर नेहमीसारखं ओलं वर्तुळ उमटलं. म्हणजे ही बाजू खाली केली की पाणी शहाण्यासारखं वागत होतं, आणि रेघांप्रमाणे ठेवलं की नाही.

पत्रा तडतडत होता. पेट्यांतून मात्र एकही टकटक येत नव्हती. कधी थांबली, ते तिला आठवेना.

तेव्हा तिला ओरखडे आठवले. नळीच्या खालच्या तोंडाशी आतून एक दातेरी कडं असतं. नळी वर ओढताना ते कांडीला खालून घट्ट धरतं, म्हणून प्रत्येक ओढीत कांडीच्या खालच्या टोकाला दातांचे बारीक ओरखडे उमटतात. रेघा माणूस मारतो, ओरखडे मशीन मारतं. ताईनं पाचव्या भोकाची पेटी ओढली, सहाव्याची ओढली, सातव्याची ओढली. एकतीसच्या वर सगळीकडे ओरखडे खालच्या टोकाला होते. एकतीसच्या खाली, झाडून प्रत्येक कांडीत, ओरखडे वरच्या टोकाला होते.

भोंग्या कांड्या फिरवत होता. नळीतून निघाल्या की तो त्या उलट्या करायचा आणि मग त्यांच्यावर रेघा मारायचा, ताईला हव्या तशा दिसाव्यात म्हणून. पुन्हा चारचौघांत बोलणी नकोत म्हणून. म्हणजे मुळात त्या जमिनीतून उलट्याच येत होत्या. पहिल्या दिवशी तो खरं बोलला होता आणि तिनं त्याला लाज आणलीस म्हटलं होतं. ताईला रडू आलं नाही. तिनं हातातली पेटी खाली ठेवली.

५

रडण्यापेक्षा विचार करणं तिला सोपं होतं, म्हणून ती विचार करू लागली. एकतीसच्या खालचे थर उलटे आहेत आणि घडी नाही. खाली जावं तसे ते धाकटे होत जातात. म्हणजे ते खालून रचले गेले. जाड वाळू आधी बसली ती एकतीसच्या बाजूला, आणि बारीक गाळ तिच्यावर बसला तो खालच्या अंगाला. तिथल्या पावसाचे थेंब खालून वर पडले. सगळ्यात धाकटा थर सगळ्यात खाली असणार, आणि त्याच्या पलीकडे थर नसणार. एकतीस दुणे बासष्ट. बासष्ट मीटरवर तिथलं आजचं अंगण असणार.

असलं काही नसतं, ती मोठ्यानं म्हणाली. शेडमध्ये तिचा आवाज तिला परका वाटला.

शेवटची कांडी साठ मीटरची होती, पिशवीतून अजून न काढलेली. ताईनं ती काढली आणि खरी दिशा धरून टेबलावर आडवी ठेवली. टोकाला चिखलाचा एक पापुद्रा होता, कागदाएवढा, एखाद्या पुरानंतर साचतो तसा. तिनं चाकूच्या टोकानं तो अलगद सोलला. खालच्या मातीत एक खळगा होता.

माती किती घट्ट आहे, हे बघायला या धंद्यातली माणसं तिच्यात अंगठा दाबतात. सहज रुतला तर मऊ, जोर लावावा लागला तर मध्यम. ताईनं असे हजारो अंगठे दाबले होते. हा खळगा तसाच होता, जरा तिरका, डावीकडे झुकलेला. त्यात अंगठ्याच्या रेषा होत्या आणि रेषांना आडवा छेद देणारा एक व्रण होता. ताईचा अंगठा लहानपणी विळीवर कापला होता. तिनं तो खळग्यात घातला. तो बसला.

मीच मघाशी दाबला असेन, असं म्हणून बघायची सोय नव्हती. खुणेवर पापुद्रा होता, आणि पापुद्रा तिनं आत्ता स्वतःच्या हातानं सोलला होता. ज्यानं खूण झाकली तो थर नंतरचा. खूण आधीची. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती हीच, आणि ताईला ती खोडता येईना.

६

भोंग्यानं फोन उचलला नाही. वॉकीटॉकीवर दुसराच माणूस बोलला. मोठ्या भोकाचा तळ पहाटे आपोआप खचला होता. वजन लावून दोरी सोडली, तर ती बासष्ट मीटर जाऊनही टेकेना. साहेबांचा निरोप आला की कुणीतरी उतरून बघा. भोंग्या भोकात सोडायच्या पाळण्यात बसतोय.

"बसू देऊ नका," ताई म्हणाली. "मी येतेय."

"बसला पण, ताई. रीतच आहे ना. आणि तुमच्या नोंदी चांगल्या आहेत म्हणून साहेबांनीच सांगितलं."

जीप नव्हती. ताई पायी निघाली, मग पळू लागली. पंचेचाळिशीत दोन किलोमीटर पळणं म्हणजे खेळ नव्हे. ऊन कडक होतं. वाटेत तिनं एकच गोष्ट ठरवली. आधी त्याला वर घ्यायचं, आणि मग सगळ्या पाळीसमोर, ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोर, म्हणायचं की तुझं काही चुकलं नव्हतं. तेवढं वाक्य तिनं धापा टाकत दोन-तीनदा म्हणूनही बघितलं.

मोठ्या भोकावर तीन पायांचं लोखंडी तिकाटणं, त्यावर यारी, यारीच्या ढोलावर तारेचा दोर. यारीवाले काका लिव्हरवर हात ठेवून काट्याकडे टक लावून बघत होते. पाळ्यांत केस पिकलेला माणूस, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"ताई, हे बघा जरा. माणूस आणि पाळणा मिळून एकशेचाळीस किलो भरले होते. दहावर शंभर झाले. वीसवर पन्नास. आता किती, बघा."

वजनाचा काटा शून्यावर होता. दोराच्या मापकावर एकतीस होतं. ते ती बघत असतानाच बत्तीस झालं.

"काका, थांबवा."

"थांबवलंय, ताई. मघाशीच लिव्हर बंद केलाय. दोर आपला आपण जातोय."

७

ताईनं वॉकीटॉकी ओढून घेतला. "भोंग्या."

"ताई, आलीस होय?" त्याचा आवाज मोठा होता, पहिल्यासारखा, खुशीतला. ते ऐकून तिचा जीव भांड्यात पडला, क्षणभरच. "मधे जरा गरगरलं. पाळणा फिरला बहुतेक. आता बरंय. पण मला वर का घ्यायला लागलात इतक्यात?"

मापकावर अडतीस होतं.

"आम्ही वर घेत नाही आहोत," ताई म्हणाली.

"घेताय की. भिंती खाली चालल्यात दिसतंय ना मला. आणि हा दुसरा दोर कधी सोडलात? त्यानंच ओढताय वाटतं."

काकांनी ब्रेक आवळला. ढोल करकरला आणि थांबला. काटा शून्यावरून उठला. पन्नास, शंभर, एकशेऐंशी. तार ताणल्याचा आवाज येत होता. मग ढोल पुन्हा सरकू लागला, जळक्या पट्ट्यांचा वास सुटला. भोकाच्या काठावरची माणसं दोन पावलं मागे सरली.

"हिसके कशाला देताय? नीट ओढा ना." आणि मग, "ताई, तू म्हणायचीस ना थर उलटे नाहीत. मधे उलटे होते बघ. आता परत सगळे सुलट आहेत. मी चुकलो नव्हतो गं."

हेच ते. हेच आत्ता म्हणायचं होतं, तोंडावर आलंही होतं. पण मापकावर त्रेपन्न होतं, आणि भीतीनं ताईच्या तोंडून तेच निघालं जे आयुष्यभर निघत आलं होतं. "वटवट बंद कर आणि ऐक. काहीही झालं तरी पाळण्यातून बाहेर पडायचं नाही. एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?"

मापक पुढे सरकला. छप्पन्न. सत्तावन्न.

"उजेड दिसतोय," तो हळू म्हणाला. "आलोच वर."

ताई भोकावर वाकली. खाली मिट्ट काळोख होता. त्याच्या टोपीचा दिवासुद्धा दिसत नव्हता.

"भोंग्या, तो उजेड आमचा नाही. मी इथे आहे. मी वर आहे रे."

"हो, वरच आहेस की. दिसतेयस मला. बूट दिसतायत, आता तोंड पण दिसलं." मग तो गोंधळला. "ताई, समोर उभी राहून यावर कशाला बोलतेस गं?"

ताईनं बटण इतकं दाबून धरलं की बोट पांढरं पडलं. "ती मी नाही. तिचा हात धरू नकोस. ऐक माझं, एवढं ऐक."

पलीकडून नुसती खरखर आली. तो ऐकत होता, हे तिला कळत होतं. सबंध आयुष्यात त्यानं तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता. मापक साठवर आला आणि तिथे थांबला. काकांनी श्वास सोडला. एवढ्यात त्या खरखरीतून, त्याच्याजवळून, पण त्याचा नव्हे असा एक आवाज आला. काठावरच्या सगळ्यांनी तो ओळखला आणि सगळ्यांनी ताईकडे बघितलं, तिचे ओठ मिटलेले आहेत ना, ते बघायला.

"तुझं काही चुकलं नव्हतं रे," तो आवाज म्हणाला. असं ताई कधीच बोलली नव्हती, इतक्या मायेनं. "ये. दे हात."

"ताई," भोंग्या म्हणाला, आणि यावेळी तो वॉकीटॉकीवर बोलत नव्हता. तिथल्या तिच्याशी बोलत होता. त्याचा आवाज भरून आला होता. मग पाळण्याचं दार वाजलं, आणि जरा लांबून, हसत, त्याचं बोलणं ऐकू आलं. "हाताला चिखल केवढा गं तुझ्या."

काटा शून्यावर पडला. काकांनी लिव्हर मागे खेचला आणि दोर सरसर वर येऊ लागला, नुसत्या पाळण्याच्या वजनानं. कुणीतरी ताईचा दंड धरून तिला काठावरून मागे घेतलं. तिचे हात उन्हानं कोरडे आणि स्वच्छ होते. वॉकीटॉकी तोंडाशी धरून ती ते वाक्य म्हणत होती, वाटभर घोकत आणलेलं, तुझं काही चुकलं नव्हतं, तुझं काही चुकलं नव्हतं. पण ते तिच्याआधी कुणीतरी म्हणून झालं होतं.